थेंबाएवढे घर

मोटारीमागे जोडायच्या, थेंबाच्या आकाराच्या या गाडीला अमेरिकेत ‘टिअरड्रॉप’ म्हणतात. आत दोघांना झोपण्यापुरती जागा. मागचे झाकण उचलले की स्वयंपाकाचा ओटा. उभे राहायची सोय नाही! १९३० च्या दशकात ती आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मासिकांतले आराखडे पाहून हौशी मंडळींनी ती घरीच बांधली. अनेकींचे माप चार फूट बाय आठ फूट, कारण प्लायवूडचा तक्ताच तेवढा असतो.

सांगाडा उभा राहिला की शेजारीपाजारी कौतुक करून जातात. खरी परीक्षा पुढेच. प्लायवूडची कापलेली कड पाणी पिते, ती इपॉक्सीने बंद करावी लागते. मागच्या झाकणाची बिजागरी तर पावसाची आवडती वाट. तिथे रबरी पट्टी बसवून बागेतल्या नळीने पाणी मारून पाहावे. शिवाय रात्रभरात दोघांच्या श्वासातली वाफ भिंतींवर साचते. म्हणजे पाण्याला मज्जाव, पण हवेला वाट हवीच.

वजनाचा हिशेब मात्र जिवाशी गाठ. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या टोकावर यायला हवा. स्वयंपाकघर मागे, भांडीकुंडी, पाण्याचे पिंप, बर्फाची पेटी तिथेच कोंबली की पुढचे टोक हलके होते. मग हमरस्त्यावर वेग घेताच गाडी शेपटीसारखी डोलते आणि मोटारीलाही खेचते. म्हणून रंग वाळल्यावर, सारे सामान भरून, टोकाखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवतात. आकडा कमी भरला तर पिंप पुढे सरकवायचे. कित्येक महिन्यांच्या सुतारकामानंतरचे हे काम पाच मिनिटांचे.