लाख, दंपती आणि एकट्या पडलेल्या अर्थांची साक्ष

भारत-युरोपीय भाषांच्या मूळभाषेतली एक ओळही लिहिलेली सापडलेली नाही. तिचे शब्द लेकी-भाषांवरून मागे मागे जात मांडावे लागतात. शब्दाच्या रूपासाठी ध्वनिबदलाचे काटेकोर नियम हाताशी असतात, अर्थासाठी मात्र तसे नियम नाहीत. घोळ तिथेच होतो.

गैरसमज : जास्त भाषा सांगतात तोच मूळ अर्थ.

सॅमन माशाला जर्मनमध्ये 'लाक्स', रशियनमध्ये 'लसोस', लिथुआनियनमध्ये 'लाशिशा' म्हणतात. एवढ्यावरून मूळभाषेत सॅमन होता आणि ती बोलणारे लोक बाल्टिक समुद्राजवळचे, असं ठामपणे सांगितलं जाई. पण तारीम खोऱ्यातल्या तोखारी या भारत-युरोपीय भाषेच्या हस्तलिखितांत 'लक्स' म्हणजे नुसता 'मासा'. तोखारीचा अर्थ एकटा पडतो, पण ही शाखा फार लवकर वेगळी झाली, तर जर्मॅनिक, बाल्टिक आणि स्लाव्ह शाखा शेजारी नांदल्या. शेजाऱ्यांची एकवाक्यता तेवढी वजनदार नसते. एकाच शाखेतल्या भाषा, जसं जर्मन आणि स्वीडिश, तर सख्ख्या बहिणी, त्यांची साक्ष एकच धरायची. १९८५ मध्ये अभ्यासक रिचर्ड डीबोल्ड यांनी दाखवलं की मूळ शब्द ट्राउटसारख्या माशाचा असावा, आणि तसे मासे काळ्या समुद्राच्या परिसरातही आहेत. बाल्टिकचा पुरावा तिथेच ढिला पडला. माशांची नावं अशी सरकतातच. आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण त्याचं सॅमनशी कुळाचं नातं नाही.

गैरसमज : दुर्मीळ अर्थ म्हणजे अपवाद, तो बाजूला ठेवावा.

आपल्याला 'दंपती' म्हणजे नवरा-बायको. ऋग्वेदात मात्र एकवचनी 'दंपति' हा घराचा धनी आहे, आणि अग्नीलाही तसं म्हटलं आहे. यातला 'दम्' म्हणजे घर. पुढे हा शब्द इतका विसरला गेला की वैयाकरणांना 'दम्' हा 'जाया' (बायको) या शब्दाचा आदेश, म्हणजे त्याच्या जागी येणारं रूप, मानावा लागला. पण अवेस्तात हीच जोडी आहे, आणि ग्रीक 'देस्पोतेस', म्हणजे मालक, हाही त्याच दोन शब्दांचा. इथे विरळ अर्थच जुना ठरतो, कारण दूरची शाखा त्याच्या बाजूने उभी राहते आणि नवा अर्थ कसा आला तेही सांगता येतं : घराचे दोन धनी, म्हणून द्विवचन. मला हा पुरावा फार सुंदर वाटतो.

म्हणून दुर्मीळ तेवढं प्राचीन? तेही नाही.

ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात 'लक्ष' एकदाच येतो, जुगारातल्या पणाच्या अर्थाने. संस्कृतज्ञ पाउल थीम यांनी हा पण, लाख ही संख्या आणि झाडावरची तांबडी लाख, तिन्ही सॅमनशी जोडली : माशांचे थवे असंख्य, मांस तांबूस. कल्पना मोहक आहे. पण संस्कृतात हा शब्द कुठेही मासा दाखवत नाही. मधली पायरीच नसेल, तर एकट्या शब्दावर एवढा भार टाकता येत नाही.

आणि ग्रंथांत न सापडणारे धातू बनावट?

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, सुमारे २००० धातू आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक वाङ्मयात आढळत नाहीत, म्हणून अमेरिकन संस्कृतज्ञ विल्यम व्हिटनी यांना ते संशयास्पद वाटले. पूर्वी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेल्या गेऑर्ग ब्यूलर यांनी १८९४ मध्ये त्याला उत्तर दिलं. यांतले कितीतरी धातू पाली, प्राकृत आणि आजच्या बोलींमध्ये जिवंत असल्याचं त्यांनी दाखवलं.