इंजिन फिरतं, पण चालू होत नाही

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा इतकी तापते, की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण इंधनाच्या नळीत हवा शिरली, तर पंपाचा सारा जोर बुडबुडा आवळण्यातच जातो, इंजेक्टर उघडत नाही आणि इंजिन नुसतंच फिरत राहतं.

बोटीवर माणूस एकटा असला, की पंचाईत दुहेरी. चावी सुकाणूपाशी आणि बिघाड खाली इंजिनात! अशा वेळी लांब वायरला जोडलेलं हॉर्नचं दणकट बटण कामी येतं. एक टोक फ्यूजमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं स्टार्टरच्या सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला. गिअर न्यूट्रलमध्ये टाकून, पट्ट्यापासून हात दूर ठेवून बटण दाबायचं.

फिल्टर आणि पंपामध्ये डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी बसवली, तर बटणाने इंजिन फिरवताना बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. मग गाळलेल्या डिझेलचा छोटा कॅन इंजिनाच्या वर टांगून थेट पंपाला जोडायचा आणि नळीतली हवा काढायची. आता इंजिन सुरळीत चाललं, तर दोष टाकी, तिची नळी किंवा फिल्टरमध्ये. नाही, तर पंप-इंजेक्टर तपासायचे.

पेट्रोल इंजिनावर मात्र हे बटण नकोच. एक ठिणगी साचलेली वाफ पेटवायला पुरेशी असते.