आणखी एक खाट

ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं. रात्री दोनच्या सुमारास वॉर्डातून जाताना सिस्टर एका खाटेपाशी थबकते. बीपी ठीक आहे. पण श्वास मघापेक्षा भराभर चाललाय, पेशंट उगाच चुळबुळतोय, युरिन बॅगेत तासाभरात फारशी भर पडलेली नाही. ती डॉक्टरांना फोन लावते. आत रक्तस्राव होत असला, तर शरीर आधी अशाच बारीक खुणा देतं; बीपी पुष्कळदा सगळ्यात शेवटी कोसळतं.

या थबकण्याचं मोल आकड्यांत मांडता येतं, याचं मला अजून नवल वाटतं. स्वतः नर्स असलेल्या लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतले ऑपरेशन झालेले २ लाख ३२ हजार पेशंट अभ्यासले. वय, आधीचे आजार, रुग्णालयाचा आकार असे फरक हिशेबात धरूनही २००२ साली जे समोर आलं ते असं: एका नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला, की ३० दिवसांत मृत्यू ओढवण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली. चाराच्या जागी आठ पेशंट असतील, तर ३१ टक्क्यांनी! पुढे २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला. भाषा निराळ्या, आरोग्यव्यवस्था निराळ्या, आणि आकडा पुन्हा ७.

असं का व्हावं? संशोधक जेफ्री सिल्बर यांनी १९९२ मध्ये दाखवलं होतं, की ऑपरेशननंतर गुंतागुंत होणं हे मुख्यतः पेशंटच्या प्रकृतीवर ठरतं. ती झाल्यावर तो वाचतो का, हे मात्र जास्त करून रुग्णालयावर. मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. संकट कुठेही येतं, पण ते वेळेत दिसायला तिथे कुणीतरी असावं लागतं. आठ खाटांमध्ये धावणारी सिस्टर हुशारीत कमी नसते, तिला थबकायलाच मिळत नाही. त्यात मधेच मारलेल्या हाका. सिडनीत औषधं देणाऱ्या नर्सचं निरीक्षण झालं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा कामात व्यत्यय आलेला दिसला, आणि दर व्यत्ययामागे चुका वाढत होत्या.

नुसत्या आकड्यांच्या जोडीवरून कारण सिद्ध होत नाही, ही शंका रास्तच. म्हणून ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड महत्त्वाचं. तिथे २०१६ पासून ठरावीक सरकारी रुग्णालयांत दिवसा एका नर्समागे सरासरी चार आणि रात्री सात पेशंट, अशी कायद्यानेच मर्यादा आली. त्या २७ रुग्णालयांत मृत्यू घटले; तुलनेच्या २८ रुग्णालयांत तसे घटले नाहीत. पेशंट लवकर घरी गेले, तुलनेच्या रुग्णालयांसारख्या पुन्हा भरती वाढल्या नाहीत, आणि वाढीव नर्सच्या पगारावर गेलेल्या पैशाच्या दुप्पट खर्च वाचला.