रक्तदाब मोजला, आटोक्यात आला का?

आपल्या सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमांना आकड्यांचे आकर्षण फार. किती शिबिरे भरली, किती जणांची तपासणी झाली, याचे तक्ते तत्परतेने प्रसिद्ध होतात. उच्च रक्तदाबाच्या बाबतीत हे तक्ते फसवे ठरतात. हा विकार मोजणीतून कळतो, परंतु आटोक्यात राहतो तो वर्षानुवर्षे नियमित घेतलेल्या औषधाने. बहुतेकांना तो जाणवतही नाही. म्हणूनच औषध सुटते आणि एके दिवशी पक्षाघात किंवा हृदयविकार घराचा कमावता आधार हिरावून नेतो.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 15 वर्षांवरील 24 टक्के पुरुष आणि 21 टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्या-त्या व्यक्ती त्यासाठी औषध घेत होत्या. देशात असे 20 कोटींहून अधिक प्रौढ असावेत आणि त्यांपैकी आठांत जेमतेम एकाचाच रक्तदाब नियंत्रणात असल्याचे अंदाज सांगतात.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झालेला ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ मला महत्त्वाचा वाटतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या राज्यांतील निवडक जिल्ह्यांत त्याचा आरंभ केला. त्याची सूत्रे साधी होती. प्रत्येक राज्यासाठी मोजक्या औषधांची एकच उपचारपद्धती ठरली. औषधे थोडी आणि ठरलेली असल्याने रुग्णसंख्येवरून खरेदीचा अंदाज बांधता येऊ लागला. एका वेळी किमान 30 दिवसांची औषधे मिळू लागली. रक्तदाब मोजणे, नोंद ठेवणे आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करणे ही कामे डॉक्टरांवरून परिचारिका व अन्य कर्मचाऱ्यांकडे आली. उपचाराखालील सुमारे निम्म्या रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात आल्याचे 2022 मध्ये सांगण्यात आले. त्याच वर्षी उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

माझ्या मते यातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे ती हिशेबाची पद्धत. नोंदणी झालेल्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब 140/90 च्या खाली आहे, किती जणांचा नाही आणि किती जण तपासणीला आलेच नाहीत, हे तिमाहीगणिक वेगवेगळे मोजले जाते. क्षयरोग कार्यक्रमातील ही शिस्त येथे आली. गळालेला रुग्ण तिच्यामुळे कागदावरून नाहीसा होत नाही.

17 मे 2023 रोजी केंद्राने उच्च रक्तदाब व मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना 2025 पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले. ही उडी मोठी होती आणि आवश्यकही. परंतु ‘उपचाराखाली’ आणि ‘नियंत्रणात’ या दोन शब्दांतील अंतर लहान नाही. आरोग्य केंद्रात औषधांचा साठा संपला, तर उपचाराखालील रुग्ण केवळ नोंदवहीत उरतो. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगणे म्हणजे त्याचे औषध बंद करण्यासारखेच आहे.

म्हणून राज्यांनी तीन गोष्टी कराव्यात. जिल्हावार नियंत्रणाचे प्रमाण दर तिमाहीस, न आलेल्या रुग्णांसह, जनतेसमोर ठेवावे. औषधांचा साठा उपकेंद्राच्या पातळीवर, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरांतही, अखंड राहील याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर निश्चित करावी. ज्यांचा रक्तदाब स्थिरावला आहे, त्यांना दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम द्यावीत. स्थलांतरित मजुरांना याचा सर्वाधिक लाभ होईल.

ही औषधे जुनी आहेत, त्यांची जेनेरिक रूपे स्वस्त आहेत. त्यामानाने पक्षाघातानंतरचा रुग्णालयाचा आणि पुढे वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेचा खर्च कित्येक पटींनी अधिक, आणि त्यातला मोठा वाटा कुटुंबालाच उचलावा लागतो. तपासणीचे आकडे वाढल्याचे समाधान मानायचे, की हा खर्च टाळायचा, हे आता राज्यांच्या औषधखरेदीच्या तरतुदींतूनच दिसेल.