जुन्या डिस्कवरची गाणी का अडतात?

जुन्या संगणकाची हार्ड डिस्क नव्याला जोडली, अभंगांचा फोल्डर उघडला आणि परवानगी नाकारल्याचा संदेश आला, की फाइली खराब झाल्याची धास्ती वाटते. गाणी मात्र बहुधा सुखरूप असतात.

विंडोजची एनटीएफएस ही १९९३पासूनची फाइलव्यवस्था प्रत्येक फोल्डरसोबत मालकाच्या खात्याचा ओळखक्रमांक जपते. नव्या संगणकावर खात्याचं नाव तेच ठेवलं, तरी हा क्रमांक वेगळा असतो. म्हणून खरा मालकही परका ठरतो.

उपाय अवघड नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड उघडावं. ओनरसमोरच्या ‘चेंज’मधून आपलं खातं निवडून आतल्या फोल्डरांनाही बदल लागू करावा आणि त्या खात्याला ‘फुल कंट्रोल’ द्यावा.

हे संगीताच्या फोल्डरपुरतंच करावं. चालू विंडोजच्या फाइलींची मालकी बदलली, तर संगणकच बिघडू शकतो.