विजेचा शॉक : जखम छोटी, इजा मोठी

गणपतीच्या मिरवणुकीत मूर्तीच्या मागे, ट्रॉलीवर एक मुलगा बांबू घेऊन उभा असतो. आडवी आलेली वायर वर उचलायची आणि मूर्ती खालून काढायची, हे त्याचं काम. आम्हा बेळगावकरांना हे चित्र नवीन नाही. टीव्हीच्या केबलची वायर असेल तर ठीक, पण ती ११,००० व्होल्टची लाइन असेल तर? पावसात भिजलेल्या बांबूतून वीज सहज वाहते. म्हणून सणाआधी हा विषय मी मुद्दाम निवडला.

घरातली वीज २३० व्होल्टची. डॉक्टर साधारण १,००० व्होल्टच्या वरच्या विजेला उच्च दाबाची म्हणतात. रेल्वेची तार २५,००० व्होल्टची; तिला हात लावावाही लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज हवेतून झेप घेते. मालगाडीच्या डब्यावर सेल्फीसाठी चढणारी मुलं अशीच भाजतात.

या भाजण्याचा घात असा, की ते वरून दिसत नाही. तळहातावर एक खोलगट, पांढुरका किंवा काळा डाग, तसाच दुसरा तळपायावर. घरचे म्हणतात, ‘थोडक्यात वाचला!’ पण वीज या दोन डागांच्या मधल्या सगळ्या शरीरातून गेलेली असते. हाडं विजेला जास्त विरोध करतात, म्हणून ती तापतात आणि त्यांना लागून असलेले स्नायू आतल्या आत भाजतात. मेलेल्या स्नायूंतलं द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करू शकतं. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर हेच सुरू झालंय असं समजावं. हात टणक सुजला, बोटं सरळ करताना कळ येऊ लागली, ती बधिर पडली, तर आतल्या दाबाने रक्तपुरवठा तुटतो आहे. अशा वेळी सर्जन हातावर लांब चिरा देतात. नातेवाईक ते बघून हादरतात. पण हात वाचतो तो त्या चिऱ्यांमुळेच.

आता मदतीचं. घरच्या शॉकला कोरडी काठी चालते, इथे अजिबात नाही. तुटलेल्या तारेभोवतीची जमीनही जिवंत असते, तेव्हा निदान १० मीटर लांब थांबा. १९१२ वर हेस्कॉमला आणि १०८ वर रुग्णवाहिकेला फोन करा. लाइन बंद झाल्याचं त्यांनी सांगेपर्यंत, कितीही जवळचा मित्र असला तरी, पुढे जायचं नाही. एकदा वीज बंद झाली की माणसाच्या अंगात करंट उरत नाही, बिनधास्त हात लावा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटिमीटर खोल दाबत राहा. उंचावरून पडला असेल तर मान हलवू नका. अंगठी, कडं काढा; जखमेवर स्वच्छ कोरडं कापड टाका. टूथपेस्ट नको, शाई नको. शॉक लागलेल्याला मातीत पुरण्याची जुनी समजूत तर जीवघेणी आहे, त्यात वेळ जातो.

‘मी बरा आहे’ म्हणत तो उठून बसला तरी दवाखान्यात न्याच, कारण हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. तिथे ईसीजी काढतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात आणि भरपूर सलाईन लावतात. सलाईन किती, हे भाजलेल्या कातडीवरून ठरवलं तर कमी पडतं. लघवी काळी असेल तर मोठ्या माणसाला ती तासाला ७५ ते १०० मिलिलिटर व्हावी, या बेताने ते देतात. आणि घरी आल्यावरही डोळे तपासून घ्यायचे असतात. शॉकनंतर काही महिन्यांनी, ऐन विशीतसुद्धा, मोतीबिंदू होऊ शकतो.