अंड्यांच्या टक्केवारीचे दोन हिशेब

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या व्यवसायात दिवसाचा हिशेब ट्रेवर चालतो, आणि एका ट्रेमध्ये ३० अंडी धरली की एकूण आकडा लगेच हाती येतो. परंतु ती अंडी किती कोंबड्यांमागे मिळाली हे ठरवल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ येत नाही.

समजा, शेडमध्ये ५,००० तलंगा, म्हणजे अंड्यावर येण्याच्या बेतातील माद्या, भरल्या, पुढे २०० मेल्या आणि आज उरलेल्या ४,८०० कोंबड्यांपासून १४४ ट्रे, म्हणजे ४,३२० अंडी मिळाली. अंड्यांच्या संख्येला हयात कोंबड्यांच्या संख्येने भागून शंभराने गुणल्यास ९० टक्के येतात. ही दैनिक टक्केवारी होय. तीच अंडी मूळच्या ५,००० कोंबड्यांवर वाटली तर ८६.४ टक्केच भरतात, आणि ही भरतीवरची टक्केवारी होय. पहिला आकडा जिवंत पक्ष्यांची आजची प्रकृती सांगतो, तर दुसऱ्यात मेलेल्या कोंबड्यांवर झालेला खर्चही धरलेला असतो. अनेक ठिकाणी केवळ पहिलाच आकडा सांगितला जातो. मर जितकी अधिक, तितका तो आकडा मालकाची अधिक दिशाभूल करतो.

आठवड्याचा हिशेब करताना कोंबडी-दिवस मोजावे लागतात, म्हणजे प्रत्येक दिवशी हयात असलेल्या कोंबड्यांची बेरीज घ्यावी लागते. तीन दिवस ४,८०० आणि नंतर वीस मेल्यामुळे चार दिवस ४,७८० कोंबड्या असल्यास ही बेरीज ३३,५२० होते, आणि त्या आठवड्यात ३०,१६८ अंडी मिळाली असल्यास टक्केवारी ९० येते. फुटलेली आणि मऊ कवचाची अंडीही या मोजणीत धरावीत, कारण ती विकली जात नसली तरी कोंबडीने दिलेली असतात.

ही टक्केवारी शंभरावर टिकू शकत नाही, याचे कारण कोंबडीच्या शरीरातच आहे. एक अंडे तयार होण्यास साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यांपैकी सुमारे २० तास एकट्या कवचाला जातात. त्यामुळे अंडे देण्याची वेळ बहुधा रोज थोडी पुढे सरकते आणि काही दिवसांनी एक दिवस रिकामा जातो. संकरित लेअर कोंबड्या १८ ते २० आठवड्यांच्या वयात अंड्यावर येतात, पुढील काही आठवड्यांत नव्वद टक्क्यांच्या वर पोहोचतात आणि मग त्यांचे उत्पादन हळूहळू उतरते. ही उतरण वयाची असते. एकाएकी झालेली घट मात्र बंद पडलेले पाणी, उन्हाचा तडाखा, प्रकाशाच्या तासांत झालेली कपात किंवा मानमोडीसारखा रोग यांची खूण असू शकते, म्हणून रोजचा आकडा मागील आठवड्याशी ताडून पाहणे अत्यावश्यक ठरते.

१९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती अंड्यांचे दर सुचवते, आणि त्या दरावर एकट्यादुकट्या उत्पादकाचा ताबा नसतो. एका अंड्यामागे किती खाद्य लागते, हे मात्र त्याला स्वतःच काढता येते. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाद्य खात असेल, तर ९० टक्के उत्पादनात एका अंड्यामागे सुमारे १२२ ग्रॅम खाद्य पडते, आणि ८० टक्क्यांवर तेच सुमारे १३८ ग्रॅम होते. जुना कळप केव्हा काढायचा, हे या आकड्याची बाजारातील दराशी तुलना करून ठरवावे.